ॲरो यांचे भुंगेऱ्यांवरील खंड : वर्गीकरण, अभिज्ञान आणि हुमणीचा प्रश्न

१. ग्रंथ आणि त्यांची योग्यता

भारतातील स्कॅरॅब भुंगेऱ्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया गिल्बर्ट जॉन ॲरो (१८७३–१९४८) यांच्या ग्रंथांनी घातला, याविषयी दुमत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये काम करणाऱ्या या अभ्यासकाने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेसाठी ‘लॅमेलिकॉर्निया’ या समूहाचे विवेचन क्रमाक्रमाने हाती घेतले. ज्या भुंगेऱ्यांच्या शृंगिकांचे टोक पातळ पत्र्यांच्या जुडग्यासारखे असते, आणि ते पत्रे मिटता-उघडता येतात, अशा भुंगेऱ्यांचा हा समूह होय. पहिला खंड १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिटोनिइनी म्हणजे फुलांवर येणारे चकचकीत भुंगेरे आणि डायनॅस्टिनी म्हणजे गेंड्या भुंग्याची मंडळी, ही दोन उपकुले आली. १९१७ च्या दुसऱ्या खंडात रूटेलिनी आणि तिच्या जोडीला डेस्मोनिसिनी व यूकायरिनी ही दोन लहान उपकुले आली. १९३१ च्या तिसऱ्या खंडात कॉप्रिनी, म्हणजे आज स्कॅरॅबिइनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेणकिड्यांचा विचार झाला. चौथा खंड ॲरो यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्याचा विषय ल्युकॅनिडी आणि पॅसॅलिडी ही शेजारची कुले असल्यामुळे प्रस्तुत परीक्षणात पहिल्या तीन खंडांचाच विचार केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी ‘प्रजाती’ हा शब्द जीनस या अर्थी आणि ‘जाती’ हा शब्द स्पीशीज या अर्थी योजला आहे.

या खंडांची योग्यता मोठी आहे. त्यांच्यापूर्वी भारतीय भुंगेऱ्यांची वर्णने लॅटिन, फ्रेंच, जर्मन व इंग्रजी नियतकालिकांत विखुरलेली होती. एकाच जातीला निरनिराळ्या ग्रंथकारांनी निरनिराळी नावे दिली होती आणि मूळ नमुने यूरोपातील अनेक संग्रहालयांत वाटले गेले होते. ॲरो यांनी ही नावे ताडून पाहिली, पर्यायी नावांचा निवाडा केला, प्रत्येक जातीचे वर्णन एकाच साच्यात बसवले आणि अभ्यासकाला पायरीपायरीने जातीपर्यंत नेणाऱ्या अभिज्ञान-सारण्या रचल्या. नमुना हाती असलेल्या विद्यार्थ्याला या सारण्या आजही उपयोगी पडतात. त्यानंतर झालेले बहुतेक भारतीय काम, ॲरो यांना दुरुस्त करणारे कामसुद्धा, त्यांच्यापासूनच प्रारंभ करते.

असे असता या ग्रंथांची चिकित्सा कोणत्या दृष्टीने करावयाची? ते जुने झाले, पुष्कळ नवीन जाती नंतर सापडल्या, काही प्रजातींची नावे बदलली, हे आक्षेप खरे असले तरी गौण आहेत. कोणत्याही वर्गीकरणग्रंथाच्या वाट्याला हे येतेच. अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. शेतकरी, बागायतदार व पशुपालक यांना एखादा कीटक कोणता, हे ज्या शास्त्राच्या आधारे सांगावयाचे, त्या शास्त्राने कीटकाच्या आयुष्याचा कोणता भाग पाहिला आणि कोणता वगळला? ॲरो यांच्या खंडांत वर्गीकरण व अभिज्ञान या दोहोंचा आधार प्रौढ, मृत, टाचणीला टोचलेला नमुना हाच आहे. या आधारावर जे उभे राहिले ते भक्कम आहे. परंतु स्कॅरॅब भुंगेऱ्याचे निसर्गातील बहुतेक कार्य मातीत, अळीच्या अवस्थेत किंवा शेणाखालच्या बिळात घडते. आणि नेमका तोच भाग या ग्रंथांच्या सारण्यांबाहेर राहिला आहे. या उणिवेचे मोल किती, हे भारतीय परिस्थितीत, विशेषतः महाराष्ट्रातील हुमणीच्या संदर्भात, तपासून पाहिले पाहिजे.

२. वर्गीकरणाचा आधार

लिनीअस यांनी १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत स्कॅरॅबियस ही प्रजाती मांडली, तेव्हा आज निरनिराळ्या कुलांत व उपकुलांत विभागलेले अनेक भुंगेरे तीत एकत्र होते. लात्रेय यांच्या १८०२ मधील ग्रंथापासून स्कॅरॅबिइडी हे कुलनाम धरले जाते. आज या कुलात सुमारे ३०,००० जातींची गणना होते. एवढ्या मोठ्या समूहाची मांडणी करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एरिकसन यांनी एक बारीकसे, पण फलदायी लक्षण निवडले : उदरावरील श्वासरंध्रांची जागा. ज्यांची श्वासरंध्रे उदराच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या पातळ पडद्यात असतात ते लॅपॅरोस्टिक्टी, आणि ज्यांची मागील श्वासरंध्रे खालच्या कठीण पट्ट्यांवर सरकलेली असतात ते प्ल्यूरोस्टिक्टी. पहिल्या विभागात मुख्यतः शेण व कुजके पदार्थ खाणारे भुंगेरे येतात. दुसऱ्यात पाने, फुले, मुळे व कुजलेले लाकूड यांवर जगणारे येतात. एका सूक्ष्म शारीरिक लक्षणाची कीटकाच्या राहणीशी पडलेली ही गाठ लक्षणीय होती.

ॲरो यांचे खंड याच परंपरेत लिहिले गेले. कीटकाचे रूप काळजीपूर्वक वाचले असता त्यातून नाते कळते, हा त्या परंपरेचा विश्वास होता. आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला आहे. डिर्क आरेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिक अभ्यासात प्ल्यूरोस्टिक्टी हा विभाग एकाच पूर्वजापासून आलेला वंशसमूह म्हणून टिकला आणि त्याचा विस्तार सपुष्प वनस्पतींच्या उदयामागोमाग झाल्याचे दिसून आले. शेण खाणाऱ्या समूहांचा विस्तार सस्तन प्राण्यांच्या विस्ताराशी जोडता आला. लॅपॅरोस्टिक्टी हा विभाग मात्र एकसंध राहिला नाही. अनेक वेगळ्या शाखांना तो केवळ सोयीसाठी एकत्र बांधत होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रूपावर आधारलेले वर्गीकरण अपुरे आहे, म्हणून त्याच्या जागी राहणीवर आधारलेले वर्गीकरण आणावे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. शेणकिड्यांमध्ये शेणाचा गोळा करून तो दूर लोटत नेणारे, शेणाखालीच बीळ खणून त्यात शेण साठवणारे आणि शेणातच राहणारे, असे तीन वर्ग सर्वत्र ओळखले जातात. गोळा लोटणाऱ्यांना एका कुळीचे मानण्याची प्रवृत्ती पूर्वीच्या अभ्यासकांत होती. आनुवंशिक पुराव्याने ती मोडीत काढली. गोळा लोटण्याची सवय एकाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे उद्भवली आहे. तात्पर्य, कीटक काय काम करतो हे त्याच्या नात्याचे प्रमाण होऊ शकत नाही. वर्गीकरणात रूपाला व वंशाला दिलेला अग्रमान योग्यच आहे. प्रश्न उपस्थित होतो तो अभिज्ञानाच्या बाबतीत. कारण ओळख पटवणे हे नाते ठरवण्याहून वेगळे काम आहे, आणि त्याची साधनेही वेगळी असू शकतात.

३. शिंगे आणि मृत नमुन्याची मर्यादा

मृत नमुन्यावरील भर कोठे अपुरा पडतो, याचे बोलके उदाहरण शिंगांच्या प्रश्नात मिळते. पहिल्या खंडातील गेंड्या भुंग्यांत आणि तिसऱ्या खंडातील कॉप्रिस, कॅथार्सियस व आँथोफॅगस या प्रजातींत नरांच्या डोक्यावर किंवा वक्षावर शिंगे असतात. ही शिंगे डोळ्यांत भरतात. म्हणून वर्णनात व सारणीत त्यांना महत्त्व येणे स्वाभाविक होते. तथापि एकाच जातीच्या नरांत शिंगाची लांबी फार बदलते. अळीला भरपूर अन्न मिळाले तर मोठा, लांब शिंगाचा नर निपजतो. अन्न कमी पडले तर लहान, जवळजवळ शिंगहीन नर निपजतो. असा नर प्रथमदर्शनी मादीसारखा किंवा दुसऱ्याच जातीसारखा दिसतो. आँथोफॅगस या एका प्रजातीत २,००० हून अधिक जाती असल्यामुळे हा गोंधळ किती वाढत असेल, याची कल्पना सहज येईल. आज जातिनिश्चयासाठी नराच्या जननेंद्रियाच्या आकाराला जे स्थान आहे, ते ॲरो यांच्या सारण्यांत फारसे दिसत नाही.

शिंगांचा उपयोग काय, या प्रश्नाला दिलेले उत्तर याहूनही उद्बोधक आहे. ॲरो यांचा ‘हॉर्न्ड बीटल्स’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिंगे ही लढण्याची हत्यारे आहेत, या मताविषयी ॲरो साशंक होते आणि शिंगांना विशेष उपयोग नसावा, या बाजूकडे त्यांचा कल होता. हजारो नमुने ज्याने डोळ्यांखालून घातले त्या विद्वानाला असे वाटावे, यात आश्चर्य नाही. पेटीतील भुंगेरा लढत नसतो. पुढे विल्यम एबरहार्ड, डग्लस एम्लेन प्रभृतींनी जिवंत भुंगेऱ्यांचे निरीक्षण केले तेव्हा चित्र पालटले. मोठ्या शिंगाचा नर मादीच्या बिळाचे दार अडवून बसतो आणि प्रतिस्पर्ध्याला शिंगाने रेटून बाहेर काढतो. लहान, शिंगहीन नर त्याला चुकवून बाजूच्या भुयारातून मादीपर्यंत पोचतो. सारणीत ज्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवावे लागे, तो शिंगहीन नर अशा रीतीने स्वतःच एक निराळी जीवनपद्धती असलेला ठरला.

ॲरो यांच्यावर अन्याय होऊ नये यासाठी हेही नमूद केले पाहिजे की, सवयींविषयी ते उदासीन नव्हते. भुंगेऱ्यांच्या ध्वनिनिर्मितीवर त्यांनी १९०४ मध्येच विस्तृत निबंध लिहिला होता आणि खंडांच्या प्रस्तावनांत सवयी व रूपांतर यांविषयी उपलब्ध माहिती त्यांनी संकलित केली आहे. मात्र ही माहिती प्रस्तावनेत राहते. जातीच्या वर्णनात व सारणीत ती उतरत नाही. हा दोष एकट्या ग्रंथकाराचा म्हणता येणार नाही. संग्राहकांनी पाठवलेल्या नमुन्याबरोबर स्थळाचे नाव व तारीख येई; तो कोणत्या शेणात, कोणत्या झाडावर, किती खोल मातीत सापडला, हे क्वचितच येई. जे चिठ्ठीवर नव्हते ते ग्रंथात येणे शक्य नव्हते.

४. वगळलेले उपकुल आणि हुमणी

आता महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत मोठ्या उणिवेकडे वळले पाहिजे. ऊस, भुईमूग, ज्वारी इत्यादी पिकांच्या मुळ्या कुरतडणाऱ्या ज्या पांढऱ्या, अर्धवर्तुळाकार वळलेल्या अळ्यांना शेतकरी हुमणी म्हणतो, त्या एका जातीच्या नसतात. महाराष्ट्रात होलोट्रायकिया सेराटा आणि ल्युकोफोलिस लेपिडोफोरा या जातींचा उपद्रव प्रमुख आहे. त्यांखेरीज फायलोग्नॅथस व ॲडोरेटस या प्रजातींच्या अळ्याही हुमणीतच मोडतात. यांपैकी फायलोग्नॅथस ही डायनॅस्टिनी या उपकुलातील असल्यामुळे पहिल्या खंडात, आणि ॲडोरेटस ही रूटेलिनीतील असल्यामुळे दुसऱ्या खंडात सापडते. परंतु होलोट्रायकिया व ल्युकोफोलिस ज्या मेलोलॉन्थिनी या उपकुलात येतात, त्या उपकुलाचा खंड या मालेत कधीच निघाला नाही. ज्या भुंगेऱ्यांनी शेतीचे सर्वाधिक नुकसान करावे, नेमके तेच भारतीय भुंगेऱ्यांच्या या प्रमाणग्रंथात नसावेत, ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे. मेलोलॉन्थिनीतील बहुतेक जाती तपकिरी, एकसारख्या दिसणाऱ्या आणि बाह्य रूपावरून ओळखण्यास कठीण असतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. या उपकुलातील सेरिसिनी या गटाच्या भारतीय जातींचा स्वतंत्र प्रबंध होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

परंतु समजा, मेलोलॉन्थिनीचा खंड ॲरो यांनी त्याच पद्धतीने पूर्ण केला असता, तरी हुमणीचा प्रश्न सुटला असता काय? होलोट्रायकियाचे जीवनचक्र पाहिले असता याचे उत्तर मिळते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस पडला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाने खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात. मादी जमिनीत अंडी घालते. अळी दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेत येते, आणि ही तिसरी अवस्थाच पिकाचा खरा घात करते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पीक पिवळे पडून वाळू लागते, रोप ओढले तर सहज हाती येते, तेव्हा शेतकऱ्याला हुमणी दिसते. पुढे अळी मातीत कोशात जाते. कोशातून निघालेला भुंगेरा पुढील पावसापर्यंत जमिनीतच दडून राहतो. म्हणजे ज्या काळात नुकसान होते त्या काळात प्रौढ भुंगेरा हाती लागत नाही, आणि ज्या थोड्या रात्री तो हाती लागतो त्या काळात नुकसान दिसत नाही. केवळ प्रौढावर आधारलेली सारणी कितीही अचूक असली, तरी गरजेच्या वेळी ती मुकी राहते.

अळीचे अभिज्ञान अशक्य होते, असेही नाही. विल्यम हेज यांचा स्कॅरॅबॉइडिया समूहाच्या अळ्यांवरील प्रबंध १९२९ मध्ये, म्हणजे ॲरो यांच्या तिसऱ्या खंडाच्या आधीच प्रसिद्ध झाला होता. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या जे. सी. एम. गार्डनर यांनी १९३५ मध्ये याच समूहातील भारतीय अळ्यांची वर्णने दिली. पॉल रिचर यांचा ‘व्हाइट ग्रब्ज अँड देअर अलाइज’ हा ग्रंथ १९६६ मध्ये आला. या कामामुळे साध्या भिंगाखाली पाहता येतील अशी लक्षणे हाती आली. मेलोलॉन्थिनीच्या अळीत गुदद्वाराची चीर बहुधा तीन शाखांची किंवा कोनात दुमडलेली असते. रूटेलिनी, डायनॅस्टिनी व सिटोनिइनी यांत ती आडवी असते. उदराच्या शेवटच्या वलयाच्या खालच्या बाजूवर आखूड, काटेरी केसांची जी मांडणी असते, ती प्रजातीप्रमाणे व पुष्कळदा जातीप्रमाणेही बदलते. सिटोनिइनीच्या अळीचे पाय आखूड असतात, आणि सपाट पृष्ठावर ठेवली असता ती पाठीवर उलटी होऊन सरपटते.

हे शेवटचे लक्षण शेतकऱ्याच्याही उपयोगाचे आहे. शेणखताच्या खड्ड्यात किंवा कंपोस्टाच्या ढिगात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी समजून मारली जाते. वास्तविक तीत सिटोनिइनीच्या अळ्या पुष्कळ असू शकतात; त्या कुजणाऱ्या पदार्थांवर जगतात आणि खत बारीक होण्यास हातभार लावतात. त्याच खड्ड्यात कोकणच्या किनाऱ्यावर गेंड्या भुंग्याची, म्हणजे ओरिक्टीस ऱ्हायनोसेरॉस या माडाच्या वैऱ्याची, अळीही असू शकते. तिन्ही अळ्या रंगाने, आकाराने व वळलेल्या देहाने एकमेकींसारख्या. एक पिकाची शत्रू, दुसरी माडाची शत्रू आणि तिसरी खताची कामगार. त्यांची ओळख न पटता जमिनीत ओतलेले कीटकनाशक तिन्हींना सारखेच लागते, आणि त्यांच्याबरोबर ज्यांची गणनाही झालेली नाही अशा इतर मृत्तिकाजीवांनाही.

गेंड्या भुंग्याच्या बाबतीत तर अभिज्ञानाची गरज जातीच्याही खाली उतरली आहे. १९०९ च्या सुमारास रबराच्या रोपांबरोबर श्रीलंकेतून सामोआ बेटांवर पोचलेल्या या भुंग्याने पॅसिफिक महासागरातील माडांचा विध्वंस केला. अलोइस ह्यूगर यांनी मलायात शोधलेल्या विषाणूचा १९६७ पासून सामोआत उपयोग झाल्यावर तो बराच आटोक्यात आला. २००७ मध्ये ग्वाम बेटावर जो भुंगा आला त्याच्यावर मात्र हा विषाणू निष्प्रभ ठरला. बाह्य रूपाने तो तोच ओरिक्टीस. आनुवंशिक तपासणीत त्याची शाखा वेगळी निघाली. ॲरो यांची सारणी या दोघांना एकच नाव देईल, आणि ते नाव बरोबरच असेल. परंतु माड वाचवणाऱ्याला तेवढे नाव पुरणार नाही.

५. शेणकिडे आणि नावाचे मोल

तिसरा खंड ज्या शेणकिड्यांना वाहिलेला आहे त्यांचे कार्य हानीचे नसून लाभाचे आहे. शेण मातीत नेल्यामुळे त्यातील नायट्रोजन व इतर पोषकद्रव्ये मुळांच्या टप्प्यात येतात. बिळांमुळे मातीत हवा व पाणी खेळते. शेणात वाढणाऱ्या माश्या व गुरांच्या परजीवी कृमी यांना वाढण्यास जागा उरत नाही. आणि फळे खाणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतील बिया मातीत पुरल्या गेल्यामुळे वनाच्या पुनरुत्पादनास साहाय्य होते. एलिझाबेथ निकल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या सर्व कार्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा ही कार्ये सर्व जाती सारख्या प्रमाणात करीत नाहीत, हेही स्पष्ट झाले. शेणकिड्याचा आकार, त्याच्या बिळाची खोली, दिवसा किंवा रात्री उडण्याची सवय आणि शेणाची आवड यांप्रमाणे त्याचे काम बदलते. त्यामुळे एखाद्या माळावर शेणकिडे आहेत, एवढे सांगणे पुरेसे नसते. कोणत्या जाती आहेत, हे सांगावे लागते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव या दृष्टीने शिकवणारा आहे. १७८८ मध्ये यूरोपीय वसाहतवाल्यांनी तेथे गुरे नेली. तेथील देशी शेणकिडे कांगारूसारख्या शिशुधान प्राण्यांच्या लहान, कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गुरांच्या ओल्या पोंवर त्यांचे फारसे चालेना. पो कुरणातच वाळून पडत, त्यांखालचे गवत मरे आणि त्यांत माश्या माजत. हंगेरीत जन्मलेले जॉर्ज बोर्नेमिसा यांनी परदेशी शेणकिडे आणण्याची कल्पना मांडली आणि १९६५ ते १९८५ या काळात तेथील राष्ट्रीय संशोधन संघटनेने ती अंमलात आणली. १९६८ पासून ४३ जाती सोडण्यात आल्या. त्यांपैकी २३ स्थिरावल्या. कोणती जात उष्ण प्रदेशात टिकेल, कोणती थंड प्रदेशात, कोणती उन्हाळ्यात काम करील, कोणती हिवाळ्यात, याची निवड जातिनिश्चयावाचून होऊच शकली नसती. पेटीतील टाचणीवर सुरू झालेल्या शास्त्राने येथे कुरण साफ केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि याच प्रयोगाने वर्गीकरणाची अपूर्णताही उघड केली. प्रथम सोडलेल्या जातींपैकी सर्वांत यशस्वी ठरलेला शेणकिडा आँथोफॅगस गॅझेला, पुढे डिजिटॉन्थोफॅगस गॅझेला, या नावाने जगभर प्रसिद्धी पावला. या प्रजातीचे पुनरीक्षण २०१७ मध्ये झाले, तेव्हा आफ्रिकेत त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्या असल्याचे दिसून आले. एका नावाने जमा झालेल्या निरीक्षणांपैकी कोणते निरीक्षण कोणत्या जातीचे, हे त्यामुळे पुन्हा तपासणे भाग पडते. संग्रहालयात जतन केलेले नमुने असतील तरच ही तपासणी शक्य होते. ॲरो यांच्या पद्धतीचे खरे सामर्थ्य येथे प्रत्ययास येते : त्यांचे निष्कर्ष बदलले तरी त्यांचे पुरावे जागेवर आहेत.

शेणकिड्यांवर आज आलेले संकट या खंडांच्या काळात नव्हते. गुरांना दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिन या कृमिनाशकाचा अंश शेणात उतरतो. औषध दिलेल्या गुरांच्या शेणात कीटक कमी आढळतात आणि शेण कुजण्यास विलंब लागतो, असे दाखवणारे निरीक्षण इंग्लंडमधून १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासांत हा परिणाम मात्रा, हवामान व जाती यांनुसार कमीअधिक आढळला. कोणती जात नाहीशी होत आहे, हे कळण्यासाठी पूर्वी कोणत्या जाती होत्या, हे ठाऊक असावे लागते. भारतापुरते बोलावयाचे तर १९३१ चा खंड ही अशा तुलनेसाठी असलेली मौल्यवान नोंद आहे. मात्र तीत जातींची स्थळे आहेत, संख्या नाहीत.

६. निष्कर्ष

ॲरो यांच्या खंडांनी भारतीय भुंगेऱ्यांना नावे दिली, आणि नावावाचून पुढचे एकही पाऊल टाकता येत नाही. जाती व प्रजाती यांच्या पातळीवरील त्यांचा निवाडा पुष्कळ अंशी टिकला आहे. वरच्या पातळीवरील मांडणी आनुवंशिक अभ्यासाने दुरुस्त होत आहे. त्यांची खरी मर्यादा अशी की, त्यांच्या सारणीत भुंगेऱ्याच्या आयुष्यातील एकच अवस्था बोलते. हुमणीच्या प्रश्नात ही मर्यादा थेट पिकाच्या मुळाशी जाऊन भिडते.

ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग दिसू लागला आहे. आरेन्स, मोनाघन व फोगलर यांनी २००७ मध्ये नेपाळमधील शेतजमिनीतील अळ्या व त्याच परिसरातील भुंगेरे यांची सांगड आनुवंशिक खुणांच्या साहाय्याने घालून दाखवली. नेपाळच्या शेतात जे जमले ते कृष्णा-वारणेच्या काठी न जमण्याचे कारण नाही. परंतु यंत्रावर मिळालेल्या खुणेला अर्थ येतो तो योग्य नाव असलेल्या नमुन्याशी ती जुळते तेव्हाच. आणि असे नमुने वर्गीकरणाच्या जुन्या, कष्टाच्या पद्धतीनेच तयार होतात. नवी पद्धती जुनीला निरुपयोगी ठरवीत नाही. उलट तिच्यावरच विसंबते.

भारतीय मेलोलॉन्थिनीचा सर्वसमावेशक खंड ही म्हणून या क्षेत्रातील पहिली गरज आहे, आणि तो ॲरो यांच्या तीन खंडांची केवळ पुनरावृत्ती असता कामा नये. त्यात प्रत्येक जातीच्या प्रौढ नर व मादीबरोबर तिसऱ्या अवस्थेतील अळीचे वर्णन, नराच्या जननेंद्रियाची आकृती, अन्नवनस्पती आणि मातीतील वास्तव्याचा काळ यांना समान स्थान मिळाले पाहिजे. त्यासाठी लागणारी सामग्री पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरची नाही. शेतातून आणलेली अळी मातीच्या कुंडीत वाढवावी, तिने टाकलेली कात व डोक्याचे कवच जपून ठेवावे, कोशातून निघालेला भुंगेरा त्याच क्रमांकाने टोचावा, आणि चिठ्ठीवर गाव व तारीख यांच्याबरोबर पीक, खोली व मातीचा प्रकार लिहावा. अशा नमुन्यांचा साठा जसजसा वाढेल, तसतसे ऊस पिवळा पडलेल्या शेतातून आणलेल्या अळीचे नाव पुढील पावसाची वाट न पाहता सांगता येईल.